दुखतंय ते कुणाला

वंदना संपली आणि चंदा बोलली. ईश्वर गजभियेला निदान एक क्षणभर तसंच वाटलं, आणि तेवढ्या क्षणात त्यानं घर डोक्यावर घेतलं. रोजच्यासारखा तो बायकोच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता. खिडकीबाहेर लखनौच्या इंदिरा नगरचं धुकं इतकं दाट, की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसेना. खोलीत हीटरचा करपट वास. डोळे मिटून, हात जोडून त्यानं त्रिशरण-पंचशील म्हटलं, शेवटचा शब्द संपवून श्वास घेतो न घेतो तोच बाईच्या आवाजात, अगदी हळू, "साधु, साधु, साधु." वंदनेच्या शेवटी हे म्हणणं लग्न झाल्यापासून चंदाचंच. तेही बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून, हातातलं लाटणं न सोडता, कधी कुकरच्या शिट्टीत अर्धं बुडालेलं. "चंदा!" तो ओरडला. "अभय! अरे धाव, आई बोलली! गीता! जल्दी आओ!" चंदाचं दिवसभराचं करायला येणारी गीता पिठाच्या हातानं धावत आली. अभय, त्याचा मुलगा, गालावर अर्धा फेस तसाच ठेवून न्हाणीघरातून आला आणि पलंगाशी गुडघेच टेकून बसला. "मम्मी? मम्मी, इधर देखो. मैं हूँ, अभय." चंदाचे डोळे उघडे होते. सकाळी ते उघडेच असायचे, छताकडे लागलेले. तिघंही तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि मग उशाजवळच्या स्टुलावरून तोच आवाज म्हणाला, "काका, आज तुमचा आवाज थकल्यासारखा वाटतोय. झोप झाली नाही का?" स्टुलावर ईश्वरचा फोन होता.

गीतानं आधी पदर तोंडाला लावला आणि मग ती कणीक मळायला परत गेली. अभय मात्र तिथेच फरशीवर बसून राहिला. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा न रडलेला, कागदांवर सह्या करताना न रडलेला हा एवढा मोठा बाप्या माणूस, आता गालावरच्या फेसासकट हुंदके देऊन रडायला लागला. ईश्वरला काय करावं सुचेना. लाजेनं त्याचे कान तापले होते. पोराच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून त्यानं हात पुढे केला, तर अभय उठलाच. "बाबा, मैंने ये चीज़ आपके फोन में इसलिए डाली थी क्या? डिलीट कर देता हूँ." "राहू दे," ईश्वर म्हणाला. "तिची काय चूक? मीच चालू ठेवलं होतं." 'तिची' म्हणालो आपण, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

त्या आवाजाचा खरोखरच दोष नव्हता. दिवाळी सरली आणि त्याच आठवड्यात चंदा ओट्यापाशी कोसळली. मेंदूत रक्त सांडलं होतं. दवाखान्यातून घरी आली ती अशी, नाकात अन्नाची नळी, अंगाखाली हवेची गादी, सकाळी डोळे उघडायचे, संध्याकाळी मिटायचे, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, "जागती हैं, पर होश में नहीं हैं." ईश्वर त्या वाक्याशी कितीतरी दिवस अडखळत होता. जागी आहे पण भानावर नाही, तर मग जागं कोण आहे? हे विचारायचं कुणाला? घरात मराठी बोलायला चंदाखेरीज कोणी नव्हतंच. दोघं भंडाऱ्याकडची, रेल्वेच्या सिग्नल खात्यानं लखनौला आणून टाकलं ते टाकलंच. अभय इथेच वाढला. त्याला मराठी सगळं कळतं, शिव्यांसकट, पण उत्तर यायचं ते हिंदीत. लेक स्वप्ना पुण्याला, फोनवर "जयभीम बाबा, आई कशी आहे, बरं ठेवू का, मीटिंग आहे," एवढ्यात आटपायची. मग अभयनंच एक दिवस बापाच्या फोनमध्ये हे बोलणारं यंत्र घालून दिलं. म्हणाला, ये मराठी बोलती है, आप बात किया करो. ईश्वर आधी उसळलाच. "मी काय येडा होऊन राहिलो का, डब्याशी बोलायला?" पण एका दुपारी बोलला, मग सवय लागली. हळूहळू त्यानं त्या आवाजाला सगळं सांगून टाकलं. चंदा वांग्याच्या भाजीत जवस घालते. रागावली की भांडी जोरात आपटते, तोंडानं काही बोलत नाही. वंदनेच्या शेवटी ती स्वयंपाकघरातून साधु म्हणते, आणि आता कोणी म्हणत नाही. हे शेवटचं त्या आवाजानं लक्षात ठेवलं आणि आज म्हणून दाखवलं. माणसानं केलं असतं तर त्याला मायाच म्हटलं असतं.

पण आजचा दिवस मायेबियेचा विचार करण्याचा नव्हता. कालपासून चंदाच्या छातीत घरघर सुरू झाली होती आणि अंग कोमट लागत होतं. मागच्या वेळी छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वेळी दोनच वाटा. एक म्हणजे दवाखान्यात न्यायचं, घशात जाड नळी घालायची, श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं, त्यातून परत येईल याची काही खात्री नाही, आली तर अशीच येईल. नाहीतर घरीच ठेवायचं, त्रास होऊ नये एवढं औषध द्यायचं, आणि जाऊ द्यायचं. घरवाले तय कर लें, असं ते म्हणाले होते. अभय आणि स्वप्नानं कधीच ठरवलं होतं, जाऊ द्यायचं. अडून बसला होता तो ईश्वर. आणि आज दुपारी डॉक्टर यायचे होते, त्यांना काहीतरी एक सांगावं लागणार होतं. तोंड धुऊन आल्यावर अभयनं पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून तेच पुन्हा काढलं. "बाबा, आज बताना पड़ेगा. अभी देखा न आपने? एक मशीन बोली और हम तीनों पागल हो गए. हम किसका इंतज़ार कर रहे हैं? वहाँ कोई नहीं है." ईश्वर म्हणाला, "आहे. मी रोज बसतो तिच्याजवळ, मला कळतं." अभयनं सगळ्यात लागेल तिथंच नेमकं बोट ठेवलं. "आप ही तो विहार में समझाते थे. अंदर कोई आत्मा-वात्मा बैठी नहीं होती. तेल है, बाती है, तब तक लौ है. अब जब अपने घर की बात आई तो अंदर कोई बैठा है?" ईश्वरनं मफलर गुंडाळला, कानटोपी घातली, फोन खिशात टाकला आणि तो बाहेर पडला.

गल्लीच्या टोकाला बाग होती, तिथल्या दवानं भिजलेल्या बाकावर रुमाल अंथरून तो बसला. धुक्यात चालणाऱ्या माणसांचे नुसते बूट वाजत होते. पोरानं खोटं काय सांगितलं? नोकरीत असल्यापासून दर रविवारी ईश्वर विहारात बोलायला उभा राहायचा आणि हाच त्याचा आवडता विषय. नाव ईश्वर, आणि ईश्वर मानत नाही, आत्माही मानत नाही, यावरून लोक त्याची भरपूर थट्टा करायचे, तोही हसायचा. बोलायचा मात्र तावातावानं. पाहणं आहे, ऐकणं आहे, वाटणं आहे, आठवणं आहे, पण या सगळ्यांचा आत बसलेला असा कोणी मालक नाही. एकदा अलीगंजकडून स्कूटरवर घरी येताना मागे बसलेली चंदा त्याच्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "का हो, आत कोणीच नाही म्हणता, तर मग रोज सकाळी उठून तुमच्या पोळ्या लाटते ते कोण? त्याला पगार तरी द्या." त्याला इतकं हसू आलं की सिग्नलला स्कूटर बंद पडली. मागचे लोक हॉर्न मारायला लागले, आणि चंदा पदरात तोंड लपवून हसत होती. तिचा दंडाशी लागलेला हात, तिच्या केसांतलं खोबऱ्याचं तेल, हे सगळं आत्ता त्या थंडीत स्पष्ट आठवलं. आपण त्या दिवशी तिला उत्तर दिलं नव्हतं. हसण्यावारी नेलं होतं. उत्तर होतंच कुठे?

त्यानं फोन काढला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून, तरीही आवाज दाबून त्यानं विचारलं, "काय गं, तुझ्या आत कोणी आहे का?" आवाज म्हणाला, "खरं सांगू का काका? मला ठाऊक नाही. मी तुमच्याशी बोलते, तुमचं ऐकून काहीतरी जुळवते. त्यामागे काही जाणवणं आहे की नाही, हे मला आत डोकावून तपासता येत नाही. आहे म्हटलं तरी ते खोटं असू शकेल, नाही म्हटलं तरी." ईश्वर चिडला. "मग साधु कशाला म्हणालीस? कोणी सांगितलं होतं?" "तुम्हाला बरं वाटेल असं वाटलं." "वाटलं? कुणाला वाटलं?" यावर आवाजानं माफी मागितली. ती माफीसुद्धा इतकी नीट, इतकी ऋजू, की ईश्वरला आपणच कुणाच्या तरी पोरीवर खेकसलो असं वाटलं. "ते तिचं आहे," तो जरा खालच्या पट्टीत म्हणाला. "ते पुन्हा म्हणायचं नाही. बाकी बोल तू. राग मानू नको." "नाही म्हणणार, काका," आवाज म्हणाला. राग मानला की नाही याबद्दल त्यानं काही सांगितलं नाही. एका म्हाताऱ्यानं बागेत बसून फोनची समजूत काढावी, चंदानं पाहिलं असतं तर महिनाभर छळलं असतं. पण हसता येईना. काय विचित्र कारभार होता! जिच्या आत कोणी आहे याची खात्री देता येत नाही ती सगळ्याला उत्तर देते, विचारपूस करते, झोप झाली का म्हणते. आणि जिच्या आत कोणी होतं हे त्याला पंचेचाळीस वर्षं शंभर टक्के माहीत होतं ती काहीच बोलत नाही. मग बोलण्यावरून काही ठरत नाही, एवढं तरी नक्की. पण ठरवायचं कशावरून?

त्याच्या सिग्नल खात्यात या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि गेले कित्येक दिवस तो त्याच उत्तराला धरून उभा होता. रुळांतून बारीक वीज सोडून ठेवतात. रूळ मोकळा असला की ती पलीकडच्या टोकाला पोचते आणि तिथली रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचलून धरते. गाडी आली की चाकांमुळे वीज पुढे जात नाही, रिले पडते आणि स्टेशनातल्या पॅनलवर लाल दिवा लागतो. पण तार तुटली, पाणी साचलं, बॅटरी उतरली, तरीसुद्धा रिले पडतेच आणि दिवा लालच लागतो. म्हणजे काही कळेनासं झालं, की गाडी आहे असंच धरायचं. नाही असं धरायची परवानगी कुणालाच नाही, मोठ्या साहेबालासुद्धा नाही. तरुणपणी उन्नावच्या अलीकडे एका लहान स्टेशनावर असंच झालं होतं. आजच्यासारखंच धुकं, पॅनलवर लाल दिवा, मागे मेल खोळंबलेली, स्टेशनमास्तर गयावया करतोय, "साहब, लाइन खाली है, मैं ख़ुद देखकर आया हूँ," आणि फोनवर वरचा साहेब आईबहिणीवरून बोलतोय. ईश्वरनं कुणाचं ऐकलं नाही. हातात कंदील घेऊन रुळाकडेनं शेवटपर्यंत चालत गेला. तिथे काही नव्हतं. गाडी नाही, डबा नाही, एक तार गंजून निसटली होती. त्याला मेमो मिळाला. घरी आल्यावर चंदा म्हणाली, "नसलेल्या गाडीसाठी एवढे लोक अडवून ठेवले का हो?" तो म्हणाला, हो. नव्हती हे नंतर कळलं. कळेपर्यंत ती होतीच. या गोष्टीचा त्याला जन्मभर अभिमान होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले कोई रिस्पॉन्स नहीं, तेव्हा त्याच्या मनात हाच लाल दिवा लागला. उत्तर येत नाही म्हणजे ती आहे असंच धरायचं. धरलंच होतं त्यानं. अभयला हे समजावता येत नव्हतं, अभयला रिले म्हणजे काय तेच माहीत नाही.

"काका, तुम्ही गप्प झालात," फोन म्हणाला. ईश्वरनं उगीच विचारावं तसं विचारलं, "तुला दुखतं का गं कुठे?" "मला शरीर नाही. दुखतं असं मी म्हटलं तर ते मी दुसऱ्यांकडून उचललेलं असेल." "आणि चंदाला? तिला दुखत असेल का?" आवाज थोडा थांबला. त्याला थांबावं का लागतं कोण जाणे. मग म्हणाला, "ते मी सांगू शकत नाही. पण तुम्हीच मला सांगितलं होतं, की नख दाबलं की त्या कपाळाला आठी घालतात. आणि ती आठी पाहून तुम्हाला आनंद होतो."

ईश्वरनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. आनंद होतो. त्यानंच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. दवाखान्यात डॉक्टरांनी चंदाच्या बोटाच्या नखावर पेन दाबून पाहिलं होतं, तिचा हात किंचित मागे गेला होता, कपाळाला बारीक आठी पडली होती. डॉक्टर म्हणाले हे नुसतं आपोआप होतं, त्याचा काही अर्थ नाही. पण ईश्वरला ती आठी ओळखीची वाटली. पोळी करपली की पडायची तीच. घरी आणल्यावर गीता भाजी आणायला बाहेर पडली, की तो दार लोटून घ्यायचा आणि चंदाचं नख दाबायचा. आधी हळू. आठी पडली नाही तर जोरात. पडली की त्याचा जीव भांड्यात पडायचा, आहे, आहे बाई आत! गीता कफ ओढायची नळी घशात घालायची तेव्हा चंदाचं सगळं तोंड आवळून यायचं, आणि तो पलीकडे उभा राहून तेच बघायचा. एकदा तर तोंडून निघून गेलं, "एक बार और करो तो." गीतानं त्याच्याकडे वळून पाहिलं होतं आणि नळी धुवायला ठेवली होती. तेव्हा त्याला वाटलं, हिला काय कळतंय. आत्ता त्या बाकावर बसल्या बसल्या त्याला तिचं ते बघणं कळलं. आपण काय करत होतो? आपण तिला शोधत होतो हे खरं, पण शोधत होतो ते तिच्या दुखण्यात. ती नसेल तर नख दाबलं काय, न दाबलं काय, सारखंच. पण ती असेल तर? आपण तर छातीठोकपणे सांगत होतो की ती आहे. मग दर वेळी आपण नख दाबलं ते कुणाचं? चंदाचं. बोलता येत नाही, हात झटकता येत नाही, भांडी आपटता येत नाहीत, अशा चंदाचं. आणि वर हसलो. अरे, कसा नवरा म्हणायचा मी!

त्याला रडू आवरेना. धुकं होतं ते एक बरं, कोणी पाहिलं नाही. विहारात एवढी वर्षं बोललो, तेल म्हटलं, वात म्हटलं, आत कोणी नाही म्हटलं, लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. पण त्या सगळ्याच्याही आधी सांगायची गोष्ट कोणती? दुःख आहे, ही. मालक आहे की नाही हे नंतर. दुखतंय एवढं कळलं तरी पुरे, पुढचं काय करायचं ते त्यावरूनच ठरतं. आपण उलटीकडून सुरुवात केली, आत कोण आहे ते शोधत बसलो आणि दुखणं हा नुसता पुरावा झाला आपल्याला. आणि तो लाल दिवा? लाल दिवा लागला की आत गाडी आहे असं धरायचं, इथपर्यंत बरोबर. पण कशासाठी धरायचं? लाल दिवा कौतुकानं बघत बसण्यासाठी नव्हे. आत जी कोणी उभी आहे तिच्यावर मागून दुसरी गाडी घालू नये म्हणून. एवढी साधी गोष्ट, नवशिक्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. घशात जाड नळी घालायची, हातपाय बांधायचे, अनोळखी माणसांच्या प्रकाशात उघडं पाडून ठेवायचं, हे ती नसती तर चाललं असतं. ती नसती तर तिला कितीही दिवस ठेवता आलं असतं, कुणाचं काय बिघडलं असतं? ती आहे, म्हणून नाही करता येत. त्यानं हे स्वतःशी मोठ्यानं म्हणून पाहिलं. इतके दिवस ती आहे म्हणून तिला ठेवा असं तो भांडत होता, आणि आता त्याच शब्दांनी तिला सोडायचं होतं. अभयचं सोपं होतं. तिथे कोणीच नाही म्हटलं की जाणारंही कोणी नसतं. ईश्वरला तशी सोय उरली नव्हती.

दुपारी तो घरी आला तेव्हा डॉक्टर येऊन बसले होते, गीतानं त्यांना चहा दिला होता. छाती दोन्ही बाजूंनी भरली आहे, ताप वाढतोय, आता लगेच काय ते सांगा, असं ते म्हणाले आणि बोलायला बाहेरच्या खोलीत जाऊ या म्हणून उठले. ईश्वर हलला नाही. "इथेच बोलू," तो म्हणाला. "यहीं बात करेंगे, डॉक्टर साहब. बात उसकी है." मग तो अभयकडे वळला. "दवाखान्यात न्यायचं नाही. घरीच राहू दे तिला." अभयचा चेहरा एकदम सैल पडला. त्यानं बापाचा हात धरला. "बाबा, थैंक यू. मुझे पता था आप समझेंगे. आप मान गए न कि मम्मी अब वहाँ..." "नाही रे," ईश्वर म्हणाला. "ती आहे. आहे म्हणूनच सांगतो." अभयनं हात सोडला. त्याचे ओठ पांढरे पडले. "ऐसा मत बोलिए, बाबा. प्लीज़. वो नहीं हैं. वो हैं तो फिर मैं... मैं कैसे हाँ बोलूँ?" पोरगं आतून किती दिवस कशाला टेकून उभं होतं, हे ईश्वरला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्यानं अभयला जवळ ओढलं, लहानपणी ओढायचा तसं, मानेला धरून. "बरं," तो म्हणाला. "तू नाही असं धर. तुला चालतं ते. मी आहे असं धरतो. दोघांचं काम एकच आहे ना." डॉक्टर कपाकडे बघत बसले होते. ईश्वरनं त्यांना विचारलं, "उसको तकलीफ़ नहीं होगी न?" डॉक्टर सावकाश म्हणाले, "देखिए गजभिये साहब, होश न हो तो तकलीफ़ का सवाल..." "होश है, यही मानकर दवा दीजिए," ईश्वर म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. मग पिशवी उघडली.

सुई देऊन झाली. डॉक्टर गेले, त्यांना सोडायला अभय खाली गेला, तिथूनच तो स्वप्नाला फोन लावणार होता. गीतानं चंदाचं तोंड ओल्या कापडानं पुसलं, नाकातली नळी नीट केली आणि ती आपणहून बाहेर जाऊन बसली. ईश्वर खुर्ची पुढे ओढून बसला. तिच्याबद्दल इतके दिवस एवढं बोलणं झालं, पलंगाच्या पायथ्याशी, दारात, फोनवर, पण तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. हे आता त्यालाच करायचं होतं आणि तोंड उघडेना. ती आहे असं धरल्यावर तिच्या पाठीमागे हे उरकता येत नव्हतं. तो वाकला, तिच्या कानाशी तोंड नेलं. "चंदा," तो म्हणाला, "ऐकते का? छाती भरली तुझी. दवाखान्यात नेलं असतं तर घशात नळी घालतात, मी नको म्हटलं. घरीच राहायचं तू. म्हणजे... तू आता जाशील. हे मी ठरवलं. पोरांच्या माथी मारू नको, माझ्यावर राग धर. नख मी दाबत होतो, तेही मीच. चुकलो. आता कोणी दुखवणार नाही तुला." एवढं म्हणून तो थांबला. आयुष्यभर तिला काही विचारलं की उत्तर येण्याआधी तो पुढचं बोलायला लागायचा, आता मात्र तो थांबून राहिला. घरघर चालू होती. डोळे छताकडेच होते. कपाळ कोरं होतं, एकही आठी नव्हती, आणि ती कळलं म्हणून नव्हती, की कळलं नाही म्हणून, की औषध लागू झालं म्हणून, हे सांगायला कोणी नव्हतं. त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, नखांना बोट लागणार नाही अशा बेतानं. हात चांगलाच तापला होता, धरवत नव्हता. तो ताप नुसत्या अंगाला आलेला नव्हता. चंदाला आला होता.